पितळी तांब्या मातकट दिसतोय? जलरंगातल्या भांड्यांची चकाकी कुठे हरवते ते असं शोधा

आधी लक्षणं बघून घ्या. तुमच्या चित्रात यातलं काही दिसत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- तांब्या किंवा पातेलं पिवळं झालंय, पण पितळेचं वाटत नाही. लाकडाचं किंवा मातीचं वाटतं.
- रंग ओला असताना चित्र झकास दिसत होतं, वाळल्यावर फिकं आणि निर्जीव झालं.
- सावलीच्या बाजूला पिवळ्याचा शेवाळी हिरवा झालाय.
- भांड्याच्या पोटावर वेड्यावाकड्या, कंगोरेदार कडांचे डाग उठलेत.
- पांढरा रंग लावून चमक दाखवली, तर ती वरून चिकटवल्यासारखी दिसते.
- रंग ठीक आहे, पण भांडं टेबलावर बसतच नाही, कलल्यासारखं वाटतं.

माझ्याकडे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्राची (समोर मांडलेल्या वस्तूंच्या चित्राची) तयारी करणारी शाळकरी मुलं येतात, तसे निवृत्तीनंतर हौसेने ब्रश हातात घेतलेले काका-मावशीही येतात. दोघांच्याही चित्रांत हा बिघाड सारखाच सापडतो. बहुतेकांचा समज असा, की आपल्या पेटीत सोनेरी रंग नाही म्हणून हे होतंय. सोनेरी ट्यूब अजिबात आणू नका. जलरंगात पितळेची चमक न रंगवलेल्या कागदात असते आणि त्या कोऱ्या जागेला खेटून लावलेल्या गडद रंगात असते. म्हणून खालच्या बहुतेक तपासण्यांमध्ये आपण एकच गोष्ट शोधणार आहोत: कागदाचा उजेड नेमका कुठे बुजला?

फुकटच्या तपासण्या आधी घेतल्या आहेत. क्रम मोडून थेट महागड्या कागदाच्या दुकानात जाऊ नका.

१. पाण्याचा डबा आणि पॅलेट

ब्रश धुवायचं पाणी गढूळ झालं असेल तर पुढचं काही तपासण्याआधी ते ओतून द्या. एकाऐवजी दोन डबे ठेवा, एक धुवायला आणि दुसरा फक्त रंगात मिसळायच्या पाण्यासाठी. पेटीतला पिवळा हा सगळ्यात उजळ आणि म्हणून सगळ्यात नाजूक रंग. ब्रशच्या केसांच्या मुळाशी प्रशियन ब्लूचा अंश राहिला तरी पिवळा हिरवट होतो. माठ रंगवताना हे खपून जातं, पितळेत लगेच उघडं पडतं.

वड्यांची पेटी वापरत असाल तर पिवळ्या वडीकडे निरखून बघा. तिच्यावर दुसऱ्या रंगांचा थर साचलेला असतो. ओल्या ब्रशने तो उचलून टिपकागदावर पुसत राहा, खालचा स्वच्छ पिवळा वर येईपर्यंत. खात्री करायची असेल तर कोऱ्या कागदावर पॅलेटमधल्या पिवळ्याचा एक पट्टा ओढा आणि शेजारी ताज्या पिवळ्याचा दुसरा. फरक दिसला, तर अर्धा आजार इथेच सापडला.

२. भांड्यावर उजेड किती बाजूंनी पडतोय

आपल्या घरांत ही भानगड फार असते. खिडकी डावीकडे, ट्यूबलाइट उजव्या भिंतीवर, वर छताला आणखी एक दिवा. मग तांब्याच्या पोटावर तीन ठिकाणी चमक उठते आणि सावलीची बाजू अशी उरतच नाही. सगळीकडे मध्यम उजेड, म्हणून चित्रातही सगळीकडे मध्यम पिवळा.

दिवे बंद करा आणि भांडं एका खिडकीच्या बाजूला ठेवा. उलट्या बाजूने फार उजेड परतत असेल तर तिथे गडद रंगाची चादर किंवा पुठ्ठा उभा करा. आता डोळे किलकिले करून बघा. भांड्याचा उजळ भाग आणि गडद भाग स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर रंग कालवायला घेऊच नका, भांडं हलवा.

आणि हो, स्वतःचे कपडे बघा. लाल कुर्ता घालून पितळेसमोर बसलात तर तो कुर्ता तांब्याच्या पोटात दिसणारच. मुलं तो लाल पट्टा इमानदारीने रंगवतात आणि मग तांब्यावर डाग का दिसतोय ते विचारतात.

३. मोबाइलची परीक्षा

चित्राचा आणि खऱ्या भांड्याचा, दोन्हींचा फोटो काढा आणि दोन्ही फोटो कृष्णधवल करून शेजारी ठेवा. माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी तपासणी आहे, कारण बिघाड रंगछटेत आहे की छाया-प्रकाशात, हे ती एका मिनिटात सांगते.

खऱ्या तांब्यात जवळजवळ पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं असतं, आणि काळा-पांढरा पुष्कळदा एकमेकांना चिकटून असतो. मातकट चित्राच्या फोटोत सगळा तांब्या एकाच राखाडीत मिळतो. तसं असेल तर पिवळ्याची छटा बदलून काहीही होणार नाही, गडद भाग अजून गडद करायला हवेत. जलरंग वाळला की फिका पडतो, हेही लक्षात ठेवा. ओला असताना 'बरोबर' वाटलेला गडद रंग वाळल्यावर हमखास कमी पडतो. गडद भाग लावताना तो जरा जास्तच वाटला पाहिजे.

ज्यांना हे पटत नाही त्यांना मी चित्रकार सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघायला सांगते. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. अनेकजण ते रविवर्म्याचं समजतात, पण ते सावंतवाडीच्या हळदणकरांचं आहे आणि तैलरंगात नाही, जलरंगात आहे. त्यातला उजेड चेहऱ्याभोवती आणि दिव्यावर धरलेल्या हातापाशी आहे, बाकी चित्र दबक्या रंगात. उजेड मोजका ठेवला म्हणून तो पेटलेला वाटतो.

४. भांडं कोणतं निवडलंय

नवशिक्यांनी चिंच-मिठाने लखलखीत घासलेला तांब्या समोर ठेवू नये. असं भांडं खोलीतली प्रत्येक वस्तू परत फेकतं आणि काय सोडायचं हे कळण्याआधीच माणूस गोंधळतो. महिनाभर न घासलेलं, किंचित काळवंडलेलं पितळ घ्या. त्याच्यावर चमक एक-दोन जागीच असते.

त्याहून सोपा क्रम हवा असेल तर आधी माठ, मग ॲल्युमिनियमचं पातेलं, मग पितळ आणि शेवटी स्टील. मातीला चमक नसतेच, उजेडाकडून सावलीकडे रंग हळूहळू उतरतो. ॲल्युमिनियमवर मंद उजेड असतो, पण प्रतिबिंब धड दिसत नाही. स्टीलला स्वतःचा असा रंगच नाही, आजूबाजूचं जे असेल ते त्याचं. पुण्यातल्या तांबट आळीतल्या माठारकामाच्या तांब्याच्या भांड्यांच्या वाटेला तर इतक्यात जाऊ नका. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याच्या खळग्यात वेगळी चमक आणि वेगळी सावली असते. ती भांडी अप्रतिम आहेत, पण सवय झाल्यावर.

जुनी भांडी नुसती बघायची असतील तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवा. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातल्या वस्तू, सगळं रोजच्या वापरातलं. सोबत पेन्सिल आणि छोटी वही न्या.

५. कागद

इथून थोडा खर्च सुरू होतो. कागदाच्या कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब काही वेळ टम्म उभा राहिला तर कागद धड आहे. लगेच आत शोषला जाऊन मागे ओला ठिपका दिसला तर कागदाचं 'सायझिंग' गेलंय.

सायझिंग म्हणजे कागद बनवताना त्याला दिलेली खळ, काही कागदांत जिलेटिनची. तिच्यामुळे रंग वरच्या थरावर थांबतो आणि खालून कागदाचा पांढरा झळकतो. खळ मेली की रंग तंतूंमध्ये बुडतो आणि कितीही चांगला पिवळा लावला तरी मळका दिसतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या कागदाचं असं बऱ्याचदा होतं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, भिंतीपासून दूर, उंचावर ठेवा.

दुसरं कारण खोडरबर. जिथे काठाचा लंबगोल दहा वेळा खोडून काढलाय, तिथेच रंग काळपट डागांनी बसतो, कारण तिथली खळ रबराने खरवडली गेली. कच्चं रेखांकन वेगळ्या कागदावर करा आणि खिडकीच्या काचेवर धरून चांगल्या कागदावर उतरवा.

सरावाला साधा कार्ट्रिज कागद चालतो, पण त्यावर एक-दोनच थर सोसतात आणि तो पाण्याने फुगून लाटा धरतो. लाटांच्या खोलगट भागात रंग साचतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद घेतलात तर फरक लगेच जाणवेल. पूर्ण शीट महाग वाटली तर एका शीटचे आठ तुकडे करा. एका तांब्याला तेवढी जागा पुरते.

६. थर आणि वाळणं

बोटांची मागची बाजू कागदाला अलगद टेकवा. गार लागलं तर कागद अजून ओला आहे, दिसायला कोरडा असला तरी. अशा अर्धवट ओल्या थरावर पाणीदार ब्रश टेकला की नवं पाणी जुन्या रंगाला ढकलत नेतं आणि कडेला सोडतं. ते कंगोरेदार डाग असेच उठतात. आणि अर्धओल्यावर ब्रश घासला तर खालचा थर सुटून वरच्यात मिसळतो, दोन स्वच्छ रंगांचा एक चिखल होतो.

पितळेला तीन थर पुरतात. पहिला अगदी पातळ पिवळा, चमकेच्या जागा कोऱ्या सोडून. तो पूर्ण वाळला की मधला रंग, मग गडद. चौथा थर लावायचा मोह झाला की समजा, तिसरा पुरेसा गडद नव्हता.

७. मिश्रणं

शेवाळी हिरव्याचं कारण इथे आहे: पिवळ्यात काळा. सावली म्हटली की हात काळ्याकडे जातो, पण पिवळ्यात काळा मिसळला की ऑलिव्ह हिरवा होतो. काळ्याची वडी काही महिने बाजूला ठेवून द्या. मी वापरते ती मिश्रणं अशी:

पितळेच्या उजळ भागाला पातळ गॅम्बोज (उबदार पिवळा), मधल्याला यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), गडदला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा). तांब्याच्या धातूला उजळ भागी केशरी, मध्ये बर्न्ट सिएना आणि त्यात कणभर क्रिमसन (गडद लाल), गडदला बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. बिडाच्या तव्याला हेच शेवटचं मिश्रण दाट करून लावा, काळ्या वडीपेक्षा जिवंत काळा मिळतो. स्टीलला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरचा राखाडी, खिडकीकडे जरा निळसर आणि टेबलाकडे जरा तपकिरी.

एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग घालू नका. जितके रंग जास्त, तितका उजेड जास्त शोषला जातो आणि रंग मळतो.

पितळी पातेल्याची आतली बाजू बहुतेकजण पिवळी रंगवतात. डोळ्यांनी बघा. कल्हई केलेली असेल तर आत कथील आहे, म्हणजे निळसर रुपेरी राखाडी, आणि काठापाशी जिथे कल्हई झिजली आहे तिथे पितळेची एक अरुंद पिवळी कड. ही कड आणि आतला थंड राखाडी नीट उतरला की बाहेरचं पितळ आपोआप उबदार वाटतं. या एका गोष्टीने चित्र उजळलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

पोस्टर कलर वापरत असाल तर इथला क्रम तुम्हाला लागू नाही. ते अपारदर्शक असतात, त्यांत गडद आधी आणि उजळ शेवटी. दोन्ही पद्धती एकाच भांड्यावर अर्ध्या-अर्ध्या करू नका.

८. कडा

ही तपासणी अवघड, कारण इथे सामान बदलून भागत नाही, बघायची सवय बदलावी लागते. धातूवर उजळ आणि गडद यांच्यामधली सीमा पुष्कळ ठिकाणी धारदार असते. मातीवर ती विरघळते. ओल्या कागदावर ओला रंग लावून सगळ्या कडा मऊ केल्यात तर पितळेचा माठ होतो. मातकटपणाचं हे कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

तांब्याच्या पोटावरची चमक जवळून बघा. तो नुसता गोल ठिपका नसतो, ती खिडकी असते. गोलाईवर वाकलेला चौकोन, त्यात गजांच्या बारीक गडद रेघा, खालची बाजू वरच्यापेक्षा अरुंद झालेली. त्या चौकोनाची एक कड धारदार ठेवा आणि दुसरी ओल्या ब्रशने किंचित सोडवा. मानेच्या खाचेत सगळ्यात गडद रेघ आणि तिच्या लगेच वर एक उजळ रेघ असते. त्या दोन रेघा मिसळू देऊ नका. सावलीच्या बाजूला सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला नसतो, थोडा आत असतो, कारण टेबलावरून परतलेला उजेड कडेला लागतो. एवढं पाळलं तर पोट गोल होतं.

सरावासाठी पूर्ण तांब्या रंगवू नका. फक्त चमकेचा भाग, तळहाताएवढा मोठा करून, एका बैठकीत दोनदा रंगवा.

९. रेखांकन

भांडं कलतंय असं वाटत असेल तर चित्र आरशात बघा. उलट्या प्रतिमेत वाकडेपणा लगेच डोळ्यात भरतो. मध्यरेषा उभी आहे का, काठाच्या लंबगोलाची दोन्ही टोकं तिच्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, ते मोजा. आपण भांड्याकडे वरून बघतो तेव्हा बुडाचा लंबगोल काठाच्या लंबगोलापेक्षा अधिक गोलाकार दिसतो. बूड सपाट रेघेने काढलं की भांडं टेबलावर टेकत नाही. लंबगोलाच्या टोकांना टोक काढू नका, तिथेही वळण असतं.

हा दोष रंग लावल्यावर दुरुस्त होत नाही. नवा कागद घ्या.

बुजलेली चमक परत आणायची असेल तर

पूर्ण वाळलेल्या रंगावर जरा ताठ केसांचा ओला ब्रश दोनदा फिरवा आणि लगेच टिपकागद दाबा. ऑकर, सिएना, अल्ट्रामरीन बरेचसे उचलले जातात. प्रशियन ब्लू आणि क्रिमसन कागदाला धरून बसतात, त्यांच्याशी झटापट करू नका. जाड कागदावर काठाची बारीक चमक ब्लेडच्या टोकाने एकदाच खरवडून काढता येते, मात्र सगळं काम संपल्यावर, कारण खरवडलेल्या जागी पुन्हा रंग धड बसत नाही. चायनीज व्हाइटचा एखादा ठिपका अगदी शेवटी चालेल. तो रंगात मिसळू नका, सगळं पांढुरकं होईल.

इथे थांबा

कागदाला लव सुटली, घासताना तंतू वळून गोळ्या व्हायला लागल्या, की त्या चित्रावरचं काम तिथेच थांबवा. पुढे प्रत्येक स्पर्शाने ते बिघडतच जाईल.

सगळ्या तपासण्या करून, कागद आणि रंग बदलूनही तीच तक्रार राहिली तर एखाद्या चित्रकला शिक्षकाकडे जा, आणि जाताना चित्रासोबत ते भांडंही न्या. नुसता फोटो पाठवून कडांचा दोष कळत नाही. तुम्ही रंगवताना शेजारी बसणारं माणूस हवं.

एखादा मुलगा पितळेत वारंवार हिरवा आणि तपकिरी यांची गल्लत करत असेल तर त्याला रागावू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टी तपासून घ्या. लाल-हिरव्यातला फरक न कळणं मुलग्यांमध्ये जास्त आढळतं. तसंच, वयस्क माणसांना पांढरा कागदच पिवळसर वाटू लागला, निळा आणि राखाडी वेगळे करता येईनात, तर पेटीत दोष शोधत बसू नका. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. तपासणी लांबवू नका.

आणि घरात आजोबांनी किंवा मावशीने काढलेलं जुनं जलरंगचित्र असेल, त्यावर तपकिरी ठिपके किंवा बुरशी आली असेल, तर वर सांगितलेला एकही उपाय त्यावर करू नका. पाणी नाही, रबर नाही, ऊन नाही, इस्त्री नाही. लॅमिनेशन तर मुळीच नाही, कारण उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक मागाहून सुखरूप निघत नाही. मागचा सेलोटेपही ओढू नका. चित्र इतर कागदांपासून वेगळं, कोरड्या जागी सपाट ठेवा आणि कागदाचं संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलाकृती-संवर्धनाचं केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. नंतर फ्रेम करून घेताना फ्रेमवाल्याला काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. फ्रेम ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर किंवा थेट उन्हात लावू नका.